भुताची सत्यप्रत

आमच्या कपाटात, लोकरी कपड्यांच्या मागे, चोवीस वर्षं एक व्हिडिओ कॅसेट पडून होती. एका बुधवारी ती तिथे नव्हती. तिच्या जागी धूळ नसलेला एक चौकोन होता, बरोबर कॅसेटच्या मापाचा. दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता. पण मी दस्तऐवजांच्या कचेरीत नकला विभागाचा मुख्य लिपिक आहे. मूळ कागद जागेवर आहे का, आणि नसेल तर कुणी हलवला, हे बघण्यात माझी एकतीस वर्षं गेली आहेत.

त्या कॅसेटमध्ये ‘माळ्यावरची बाई’ होती. म्हणजे माझा चित्रपट. बेचाळीस मिनिटांचा भयपट. लेखन माझं, दिग्दर्शन माझं, संकलन माझं, आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून नायकही मीच. कॅमेरा मेहुण्याने धरला, कारण कॅमेरा त्याचा होता. भूत झाली होती माझी बायको. तिला पांढरी चादर पांघरून चार तास माळ्यावर बसवलं होतं. ‘मी काही बोलू का?’ असं तिने वरून दोनदा विचारलं, तेव्हा भुताला संवाद नसतात हे मी तिला खालूनच समजावून सांगितलं. पहिल्या खेळाला सगळे नातेवाईक हसले. माणूस फार घाबरला की हसतो, हे मग त्यांनाही समजावून सांगावं लागलं.

बायकोला सरळ विचारायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. सरळ विचारलं की समोरचा माणूस सावध होतो. आमच्या कचेरीत आम्ही आधी कागद जमा करतो, मग विचारतो, आणि बऱ्याचदा तोवर विचारायची गरजच उरत नाही, कारण अर्जदार कंटाळून गेलेला असतो. मी कागद जमा करायला लागलो.

बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. दोनला सुटते, अडीचला घरी असते. त्या आठवड्यात ती पाचला येत होती. “दुकानात काम होतं,” एवढंच म्हणायची. मी दुपारी कचेरीतून दुकानात फोन केला आणि आवाज बदलून विचारलं, “बाई आहेत का? चष्मा दुरुस्तीला द्यायचा होता.”

“त्या दोनलाच गेल्या,” दुकानदार म्हणाला. “आणि तुमचा घसा बसलाय का हो साहेब? गरम पाण्याच्या गुळण्या करा.”

म्हणजे बायको खोटं बोलत होती, हे मला कळलं. आणि मी फोन केला होता, हे दुकानदाराला कळलं. अशा कामात थोडं नुकसान होतंच.

शुक्रवारी तिच्या चष्म्याच्या डबीत एक चिठ्ठी सापडली. डबी मी उघडली नव्हती. ती अर्धी उघडीच होती, मी फक्त उरलेली अर्धी उघडली. चिठ्ठीवर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

‘पहिला नवरा फारच बावळट. दुसरा बरा, पण हसतो. चादर नको. आधी गळा, मग दार. त्याला शेवटपर्यंत कळता कामा नये.’

मी खुर्चीत बसलो. चिठ्ठी पुन्हा वाचली. पहिला नवरा कोण, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि माझ्या माहितीप्रमाणे माझ्या आधी कुणी नव्हतं. ‘बावळट’ हा शब्द मला ‘गळा’ या शब्दापेक्षा जास्त लागला, हे आज प्रामाणिकपणे कबूल करतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त ऑडिटर राहतात. लांब, सडपातळ, कायम इस्त्रीतले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यामुळे त्यांचा कुणावरच विश्वास उरलेला नाही, त्यामुळे सल्ल्याला माणूस उत्तम. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि माझ्या एका मित्राच्या बाबतीत असं असं घडलंय म्हणून सगळं सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमच्या मित्राला सांगा, बोलू नको, बघ. बोलणं नाकारता येतं. बघितलेलं नाकारता येत नाही.”

“पण ती जाते कुठे?”

“मित्राची बायको ना? बाईमाणूस अडचणीत भावाकडे जातं. वहिनींना भाऊ आहे ना? म्हणजे, त्या मित्राच्या बायकोला.”

हा माणूस हुशार आहे हे मला माहीत होतं. जरा जास्तच हुशार आहे, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आता आमच्याकडे रजेच्या अर्जात ‘कारण’ असा रकाना आहे आणि त्यात ‘खाजगी’ लिहिलेलं चालत नाही. हा नियम सहा वर्षांपूर्वी मीच सुचवला होता. शेवटी मी ‘घरातील मूळ कागदपत्रांची पडताळणी’ असं लिहिलं. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, “घरीसुद्धा?”

मेहुणा दातांच्या कवळ्या बनवतो. त्याचं घर आणि कारखाना एकच; चौथा मजला, आत शिरलं की भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे. लग्न केलं नाही. कोण मुलगी त्या जबड्यांसमोर जेवणार? त्याच्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच आहे. आतलं स्पष्ट दिसत नाही, पण हलणारं कळतं. मी खांद्याला दप्तर, डोक्यावर टोपी अशा अवस्थेत काचेला कान लावून उभा राहिलो.

आत एक पुरुष बोलत होता. आवाज मेहुण्याचा नव्हता. तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा जाड, चिकट आवाज होता. तो म्हणाला, “अजून किती वेळा मारायचं? माझा हात दुखायला लागलाय.”

“एकदाच,” माझी बायको म्हणाली, “पण नीट. मघाशी मारल्यावर तुम्ही हसलात.”

 मी काचेला डोळा लावला, आणि नीट दिसेना म्हणून चष्मा मधल्या बोटाने वर सरकवून, दोन्ही तळवे टेकून जवळ गेलो. आतल्या सावल्या एकदम थांबल्या. मेहुण्याचा आवाज आला, अगदी हलका: “ताई... भावोजी...”

 आणि मग बायको, शांतपणे: “थांबू नका. चालू राहू दे.”

मी चार मजले कसे उतरलो ते मला आठवत नाही. तिसऱ्या मजल्यावर मात्र एक बाई हातात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. “कोण पाहिजे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “मीटर.” त्यांनी मला हाताला धरून मीटरपाशी नेलं, आकडा कसा भलताच पळतो ते दाखवलं आणि तक्रार लिहून घ्यायला लावली. मीही लिहून घेतली. सवय असते.

ऑडिटरांना मी ते ऐकलेलं सांगितलं; मित्र वगैरे आता मध्ये आणला नाही. ते अजिबात दचकले नाहीत. म्हणाले, “एका दिवसाच्या नोंदीवर निष्कर्ष काढायचा नाही. उद्या परत जा. साडेतीनला, आधी नाही. आणि हात कपाळाशी धरू नका, काचेलाच टेका, सपाट. उजेड अडतो. आतलं चांगलं दिसतं.”

“आणि दप्तर?”

“राहू द्या खांद्यावर. दप्तर बरं दिसतं.”

‘बरं दिसतं’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत मी बायकोवर, मेहुण्यावर, दुकानदारावर आणि माझ्या साहेबांवर संशय घेत होतो. सगळ्या जगावर संशय घ्यायचा म्हटलं तर एक माणूस तरी बाजूला काढून ठेवावा लागतो, नाहीतर बोलायचं कुणाशी? मी ऑडिटरांना बाजूला काढून ठेवलं होतं.

मंगळवारी गेलो, बुधवारी गेलो. दोन्ही दिवशी आत नुसती शांतता. बायकोची सावली टेबलाशी बसलेली, माझ्याकडे पाठ. बुधवारी मी काचेशी तोंड नेऊन स्वतःशीच ‘काय चाललंय तरी काय’ असं पुटपुटलोही. ती हलली नाही. परतताना तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मीटरचा अर्ज दोन प्रतींत तयार ठेवला होता. मी पोच दिली.

गुरुवारी संध्याकाळी बायकोने माझ्यासमोर एक कागद ठेवला. “इथे सही करा.”

मला वाटलं, झालं. पण कागद वाचनालयाच्या चित्रपट मंडळाचा होता. स्पर्धा होती: जुना घरगुती भयपट घ्यायचा आणि नव्याने करायचा, मुळापेक्षा सरस. अट एकच, मूळ निर्मात्याची लेखी संमती हवी.

“तू माझा चित्रपट नव्याने केलास?”

“केला.”

“मला न सांगता?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही केला असता.”

या वाक्यात काहीतरी अपमान होता, पण नेमका कुठे ते सापडेना. मी चिठ्ठी पुढे केली. तिने ती माझ्याकडे कशी आली हे विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मग ओळीने उलगडा केला. पहिला नवरा म्हणजे जुन्या चित्रपटातला नायक. (म्हणजे शेवटी मीच, पण निदान कलेच्या क्षेत्रात.) आधी गळा, मग दार म्हणजे कॅमेऱ्याने आधी काय दाखवायचं आणि नंतर काय. मारायचे होते ते माळ्याच्या दाराला खिळे. आणि शेवटपर्यंत कळायचं नव्हतं ते मला.

“आणि दुसरा नवरा?”

“खालचे ऑडिटर. भावाने त्यांना वेगळी कवळी करून दिलीय, नेहमीपेक्षा चार दात जास्त.”

मी तसाच खाली गेलो. ऑडिटरांनी दार उघडलं. मी म्हणालो, “तुम्हाला सगळं माहीत होतं.”

“गोपनीयता,” ते म्हणाले. “ऑडिटचा पाया आहे तो. बसा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भयपटाचं असंच असतं. पहिल्यांदा करणाऱ्याला भूत दाखवायची घाई असते. दुसऱ्यांदा करणाऱ्याला माहीत असतं की भूत सगळ्यांनी बघून झालंय, आता दुसरं काहीतरी शोधायला हवं.”

“आमच्या खात्यात नक्कल मुळापेक्षा चांगली निघाली तर चौकशी बसते,” मी म्हणालो आणि बसलो नाही.

वर येऊन मी कागद पुन्हा नीट वाचला. कलाकारांच्या यादीत बायको होती, ऑडिटर होते आणि तिसरी ओळ अशी होती: ‘दाराबाहेरचा’. पुढे नाव नव्हतं.

“हा कोण?”

“आहे एक हौशी,” बायको म्हणाली. “नाव द्यायचं नाहीये.”

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, “फार नैसर्गिक काम करतो, भावोजी. काही सांगावं लागत नाही. वेळेला येतो, काम करतो, जातो.” आणि मग त्याला खोकला लागला.

झालं. म्हणजे अजून एक तिसरा होता. रोज वेळेवर येणारा, नैसर्गिक, ज्याचं नाव बायको लपवत होती. मी तीन दिवस त्या दाराबाहेर उभा होतो आणि एकदाही तो मला दिसला नव्हता. म्हणजे किती सराईत असेल.

संमतीच्या रकान्यात मी ‘तत्त्वतः मान्य’ एवढंच लिहिलं आणि तो कागद आणि बायकोने परत दिलेली कॅसेट स्वतः वाचनालयात नेतो म्हणालो. खरं सांगतो, तो तिथे अडकावा अशीच माझी इच्छा होती. कागद कुठे आणि कसा अडकतो हे मला जितकं माहीत आहे तितकं फार थोड्यांना माहीत असेल.

पण वाचनालयाचा कारकून माझ्याच तालमीतला निघाला. त्याने मान वर न करता विचारलं, “मूळ चित्रपट कुठाय?”

“हा काय. कॅसेट.”

“कॅसेट लावायचं यंत्र आता कुणाकडे आहे? दुसऱ्या रूपात आणा.”

“मेहुण्याने संगणकावर उतरवलाय.”

“ती नक्कल झाली. मूळ हवं.”

“मूळ हेच आहे.”

“ते चालत नाही ना पण.” त्याने पेन उचललं. “मग असं लिहितो, की मूळ चित्रपट अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही.”

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मी नुसतं ‘बरं’ म्हणून घरी यायचं होतं. पण त्याने ‘अस्तित्वात’ हा शब्द कागदावर लिहायला घेतला आणि माझ्या डोळ्यांपुढे ती बेचाळीस मिनिटं उभी राहिली. जन्मात मी दुसऱ्यांच्या कागदांच्या लाखभर नकला केल्या असतील. स्वतःचं म्हणावं असं मूळ एवढं एकच होतं.

“थांबा,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने संगणकावरून उतरवून दिलेली चकती मी पाकिटात घातली, पाकिटावर ‘मुळाबरहुकूम सत्यप्रत’ असा शिक्का मारला आणि खाली सही केली. कचेरीचा शिक्का घरगुती कामाला वापरला, हे एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. कारकुनाने शिक्का पाहिला, उभा राहिला आणि मला खुर्ची दिली.

रविवारी सकाळी अकराला खेळ होता. वाचनालयाच्या सभागृहाचे जाड पडदे ओढले होते, साठेक माणसं होती. आधी मुळातली दहा मिनिटं दाखवली. लोक हसले. मी मोजत होतो, अकरा वेळा हसले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलं, “विनोदी गट पण आहे का?” बायको माझ्या शेजारी बसली होती. ती हसली नाही. एकदाही नाही.

मग नवा सुरू झाला.

भर दुपार. लख्ख उजेड. एक बाई घरात एकटी, टेबलाशी बसून चष्म्याच्या काचा पुसतेय. मागे फळीवर जबडे. सुरुवातीला नवरा येऊन माळ्याच्या दाराला खिळे मारून गेलेला. फार गोड बोलणारा, आणि दात जरा जास्त. बाकी काही घडत नाही. काचा पुसणं, फडक्याचा आवाज. तिच्या पाठीमागे दुधी काचेचं दार. आणि त्या काचेवर हळूच एक काळी आकृती वर येते.

ती दार वाजवत नाही. नुसती उभी राहते. मग मान वाकडी करून कान लावते. मग दोन तळवे काचेवर येतात, सपाट, पांढरे पडलेले. बाईला काहीच माहीत नाही. आकृती निघून जाते. दुसऱ्या दिवशी परत येते. आता बाईला कळलंय, पण ती वळत नाही, नुसतं तिचं फडकं थांबतं. कॅमेरा तिच्या गळ्यावर येतो. ती आवंढा गिळते. मग दार. तिसऱ्या दिवशी आकृतीचं तोंड हलतं, काहीतरी पुटपुटतं, आणि ऐकू काहीच येत नाही.

सभागृहात कुणी हसलं नाही. कुणी खुर्चीही हलवली नाही. मी बायकोचा दंड घट्ट धरला होता. खोटं कशाला सांगू, माझ्या मानेवर काटा आला होता. मनात म्हणत होतो, कोण आहे हा माणूस, आणि याला घरदार नाही का?

तेवढ्यात त्या आकृतीने चष्मा वर सरकवला. मधल्या बोटाने. खांद्याला चौकोनी दप्तर होतं.

मी बायकोचा दंड सोडला.

पडद्यावर बाई उठली. पकडीने एकेक खिळा उपटला. माळ्यावर चढली, आत बसली आणि दार ओढून घेता घेता खाली बघून म्हणाली, “तो गेला की सांगा.” संपलं. माझ्या चित्रपटातली बाई माळ्यावर का असते, हे चोवीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

टाळ्या बऱ्याच उशिरा सुरू झाल्या आणि मग बराच वेळ थांबल्या नाहीत. पहिला क्रमांक मिळाला. परीक्षक म्हणाले, नवी आवृत्ती मुळापेक्षा सरस असणं म्हणजे काय याचा हा नमुना आहे. आणि दाराबाहेरच्याचं काम कुणी केलं ते कळलं तर बरं होईल. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. ऑडिटरांनी कवळी सावरत छताकडे पाहिलं. उभं राहावं की खुर्चीखाली जावं, हे मला ठरवता येईना. माणसाला आयुष्यात एकदा दाद मिळावी, आणि तीही अशी.

मागच्या रांगेतून केरसुणीवाल्या बाईंचा आवाज आला, “अहो, हे तर मीटरवाले.”

आम्ही घरी आलो. बायकोने पर्स टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि फडक्याने पुसायला लागली. मी समोर बसलो.

“मला सांगायचं होतंस,” मी म्हणालो. “निदान दुसऱ्या दिवशी तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही नीट उभे राहिला असता.”

हे खरं होतं. मी टोपीही काढली असती.

“पहिल्या दिवशी तर तुलाही माहीत नव्हतं ना, मी येणार ते,” मी विचारलं. “तेव्हा घाबरलीस?”

“घाबरले,” ती म्हणाली. “मग ओळखलं, की तुम्ही आहात.”

“मग?”

तिने चष्मा उजेडाकडे धरून पाहिला. “मग जास्त घाबरले.”

 शेरा मारता येईना, खुलासा मागवता येईना. मी उठून दोघांसाठी चहा ठेवला. ती तिथेच बसून राहिली. चहा मी बरा केला असावा, कारण तिने तो सगळा प्यायला.

पुढच्या गुरुवारी तिला पुन्हा पाच वाजले. अडीच ते पाच मी घरातच होतो, रजा शिल्लक होती. फोनपाशी तीनदा गेलो, तीनदा परत आलो. ऑडिटर जिन्यात दिसले, त्यांना फक्त नमस्कार केला. दाराचा आवाज आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत उभा होतो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी सरळ विचारलं, “कुठे होतीस?”

ती थबकली. मग म्हणाली, “चपला घ्यायला गेले होते. जुन्या चावत होत्या.”

“बरं,” मी म्हणालो.

इतकं सोपं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ती हातपाय धुवायला आत गेली. मी पेपर उघडून बसलो. अग्रलेख वाचला, हवामान वाचलं. चपलांचा खोका समोर स्टुलावरच होता. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा मी फक्त झाकण जरासं वर केलं.

आत चपलाच होत्या.